कुठं हल्ला झाला की गावच्या मशीद कमिटीनं काय करायचं, कधी आणि कुणापुढं बोलायचं

मी विदर्भातल्या एका छोट्या गावात राहतो, कृषी केंद्र आहे माझं, बियाणं-खत-फवारणीचा धंदा, आणि बऱ्याच वर्षांपासून आमच्या मशिदीच्या कमिटीचा सेक्रेटरी आहे. मुसलमानांची घरं आमच्याकडे साठेक. हे लिहायचं कारण असं की काश्मीरमधल्या पहलगामच्या हल्ल्यानंतर आम्ही गावात निषेधाचा एक कागद लावला, आणि आजूबाजूच्या गावातल्या कमिटीवाल्यांचे फोन आले, भाई तुम्ही तो कागद कसा लिहिला, इमामसाहेब तयार कसे झाले, ठाणेदाराला आधी सांगितलं की नंतर. एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो, ज्याला लागेल त्यानं घ्यावं आणि आपल्या गावच्या हिशोबानं बदलून घ्यावं.

आधी एक गोष्ट कमिटीत बसून ठरवा, आपण बोलतो ते कुणासाठी. कारण मीटिंग लावली की पहिला सवाल हाच येतो, "कावून बोलायचं बाप्पा, आपण केलं काय? हजार किलोमीटरवर कोणी गोळ्या चालवल्या, त्याचा हिशोब आमच्या साठ घरांनी द्यायचा का?" आणि हा सवाल चुकीचा नाहीये, विचारणाऱ्याला गप्प करू नका. त्याला म्हणा की हिशोब द्यायला आपण बोलतच नाही. आपण बोलतो दोन लोकांसाठी. एक तो सोळा-सतरा वर्षांचा पोट्टा जो रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईल पाहते आणि त्याला तिथं कोणीतरी सांगून राहिलं की हे जे झालं ते दीनचं, म्हणजे धर्माचं काम आहे. आणि दुसरा तो शेजारी ज्याच्या शेताचा धुरा आपल्या धुऱ्याला लागून आहे, जो आपल्या पोराच्या लग्नात चार दिवस राबला आणि आज टीव्ही पाहून त्याच्या मनात काहीतरी यायला लागलंय पण तो तोंडावर विचारणार नाही. या दोघांपर्यंत आपला आवाज गेला पाहिजे. पेपरात फोटो आला नाही तरी चालते.

आमची चूक आधी सांगतो. पुलवामाचा हल्ला १४ फेब्रुवारी २०१९ चा, गुरुवार होता, सीआरपीएफचे ४० जवान गेले आणि त्यातले दोन आपल्या बुलडाणा जिल्ह्याचे, एक मलकापूरचे, एक लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे. म्हणजे आपल्या घरातलेच. दुसऱ्याच दिवशी जुम्मा, म्हणजे शुक्रवारची मोठी नमाज होती. सगळी जमात समोर बसलेली, आणि आम्ही काहीच बोललो नाही, कारण आम्ही वाट पाहत बसलो की तालुक्याच्या कमिटीचं पत्र येईल, मग त्यावर सह्या करू. पत्र चार दिवसांनी आलं, तहसीलदारांना निवेदन दिलं, फोटो काढला, एका पेपरला पाठवला, त्यांनी छापलाच नाही. गावात कोणालाच कळलं नाही की आम्ही निषेध केला. मला ते आजही लागते. दुकानात एक काकाजी नेहमी येऊन बसतात, बिडी ओढतात, पेपर वाचतात, ते त्या आठवड्यात आले पण बसले नाहीत, युरियाची थैली घेतली अन् गेले. काही बोलले नाहीत. त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून वेळेचा नियम आम्ही पक्का केला. हल्ल्याची खबर पक्की झाली (पक्की म्हणजे आकाशवाणी, सरकारी बातमी, फॉरवर्ड नाही) की त्याच रात्री ईशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतर कमिटी बसते, पाचातले तीन जण असले तरी पुरे. चोवीस तासाच्या आत गावात मराठीत कागद लागला पाहिजे. आणि पुढचा जो जुम्मा येईल त्याच्या बयानात, म्हणजे इमामसाहेबांच्या भाषणात, तो विषय, दुसरा कोणताच नाही. तालुका, जिल्हा, कोणाची वाट पाहायची नाही, त्यांचं पत्र आलं तर तेही लावू.

आता कागद. पहलगाम झालं २२ एप्रिल २०२५ ला, मंगळवारी. बुधवारी रात्री आम्ही बसलो. आमचे पेश इमाम बिहारचे आहेत, चांगला शिकलेला माणूस, पण मराठी बोलणं जेमतेम आणि लिहिणं नाहीच. ही अडचण विदर्भातल्या अर्ध्या गावात असेल. त्यांनी उर्दूत लिहून दिलं, मस्त लिहिलं, पण ते चौकात लावून वाचणार कोण? मग माझ्या पोरीला बसवलं, बारावी मराठी मीडियममधून झालेली, तिनं वहीच्या पानावर मराठी केलं. इमामसाहेब एकेक ओळ तिच्याकडून वाचून घेत होते. "बेगुनाह" होतं तिथं तिनं "निरपराध" लिहिलं, त्यांनी विचारलं याचा मतलब काय, तिनं सांगितलं, ते म्हणे, हां, यही. "शदीद मज़म्मत" होतं तिथं ती अडली, म्हणे अब्बू "तीव्र शब्दात निषेध" लिहू का. मी म्हटलं नको, ते पुढाऱ्याच्या पत्रात असते, कोणी वाचत नाही. सरळ लिही की हा खून आहे.

शेवटी जो कागद लागला तो जवळपास असा होता, नमुना म्हणून देतो:

"गावकऱ्यांनो, मशिदीच्या जमातीकडून. काल काश्मीरमध्ये पहलगाम इथं बंदूकधाऱ्यांनी २६ निरपराध माणसं मारली, धर्म विचारून मारली. त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा जण आहेत. त्यांना वाचवायला गेलेला घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह, तोही मारला गेला. हा खून आहे. आमच्या धर्मात हे हराम आहे. मारणाऱ्यांनी आमच्या धर्माचं नाव घ्यावं हे आम्हाला मंजूर नाही. ज्या घरातली माणसं गेली त्या घरांसाठी आज रात्री मशिदीत दुआ आहे. उद्या सकाळी नऊ वाजता ग्रामपंचायतीसमोर आपण सगळे मिळून पाच मिनिटं उभे राहू. तुम्ही या. मशीद कमिटी."

यात काय आहे आणि काय नाही ते पाहा. "पण" नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. कमिटीत एक जण नक्की म्हणेल की खाली एक ओळ टाका, आमच्यावर पण अन्याय होते, मॉब लिंचिंगवर कोणी बोलत नाही. त्याचं म्हणणं खरं असते आणि तरीही ती ओळ या कागदावर नको. जिथं माणूस मेला त्या घरी बसायला गेलं की आपण आपलं दुखणं काढतो का? ते दुखणं वेगळ्या दिवशी, वेगळ्या कागदावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा, आणि नक्की लिहा, नाहीतर पोरं म्हणतील की हे फक्त घाबरून बोलतात. आम्ही दोन्ही करतो. कुरआनातल्या सूरह मायदाची आठवी आयत दोन्हीकडे चालते, कोणत्या कौमचा राग तुम्हाला इन्साफ सोडायला लावू नये. मोजमाप एकच ठेवलं की बोलायला जीभ अडत नाही.

दुसरं, "ते मुसलमानच नाहीत" असं लिहिलेलं नाही. हे म्हणायला सोपं असते आणि टाळ्या मिळतात, पण मला पटत नाही. कोणाला दीनच्या बाहेर काढणं हाच तर त्या अतिरेक्यांचा धंदा आहे, आधी दुसऱ्याला काफिर ठरवतात मग मारतात. जॉर्डनमधून २००४ मध्ये अम्मानचा संदेश निघाला, त्याच्या पाठोपाठ २००५ मध्ये जगभरातल्या उलेमांनी, म्हणजे धर्माच्या जाणकारांनी, याच गोष्टीला मनाई केली होती. आपण म्हणायचं की हे काम हराम आहे, हे करणारा गुन्हेगार आहे, आणि आम्ही त्याच्यासोबत नाही. एवढं पुरते.

तिसरं, कोणत्याही आरोपीचं नाव नाही, कोणी केलं याचा अंदाज नाही, "सरकारनंच घडवलं" वगैरे तर अजिबात नाही. नावाच्या बाबतीत आपल्या समाजानं दोन्ही बाजूनं भोगलेलं आहे. मालेगावला ८ सप्टेंबर २००६ ला शबे-बरातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, मेले मुसलमान, आणि पकडलेही नऊ मुसलमान, ते २०१६ मध्ये कोर्टानं सोडले. म्हणून कृत्याचा निषेध पूर्ण करायचा, आणि माणसाचा फैसला कोर्टावर सोडायचा. हे दोन्ही एकाच तोंडानं बोलता येते.

आणि दुआचे शब्द जपून लिहा. आमच्याकडे एका बुजुर्गांनी उठून विचारलं की गैरमुस्लिम मय्यतसाठी मगफिरतची, म्हणजे गुन्हे माफ व्हावेत अशी दुआ कशी, आणि अर्धा तास त्यातच जाणार होता. इमामसाहेबांनी सांगितलं की घरच्यांना सब्र मिळो, जखमी बरे होवोत, मुल्कात अमन राहो, या दुआवर कोणाचंच भांडण नाही. तेच लिहिलं. मेणबत्तीचंही तसंच, काही जणांना चालत नाही, तर ज्याला लावायची त्यानं लावावी, बाकीच्यांनी नुसतं उभं राहावं. बरेलवी, देवबंदी, अहले-हदीस हे आपल्यातले पंथ, गावात तीन घरं का असेना पण हा झगडा असतोच, त्या रात्री तो बाजूला ठेवायचा आणि एकाच कागदाला तिघांची हो घ्यायची.

कागद लावायचा कुठं? मशिदीच्या दरवाज्यावर तर लावाच, पण तिथं आपलेच लोक वाचतात. ग्रामपंचायतीचा फलक, एसटी स्टँड, दूध डेअरी, चहाची टपरी. आम्ही चार झेरॉक्स काढल्या. टपरीवाल्या भाऊकडे घेऊन गेलो तर त्यानं वाचला, दुसऱ्यांदा वाचला, काही बोलला नाही, चिकटपट्टी घेतली आणि चहाच्या दरपत्रकाच्या बाजूला स्वतःच्या हातानं चिकटवला. सकाळी नऊला दीडशेच्या वर लोक होते. ते काकाजी पण होते.

आता बयान. माझ्या मते खरं काम इथंच आहे, म्हणून यावर जरा लांब लिहितो.

आपल्याकडे मोठे फतवे नाहीत असं नाही. देवबंदच्या दारुल उलूमनं २५ फेब्रुवारी २००८ ला देशभरातले उलेमा बोलावून जाहीर केलं की दहशतवाद इस्लामच्या विरोधात आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हैदराबादला जमियत उलेमा-ए-हिंदच्या जलशात जवळपास सहा हजार उलेमांनी त्या फतव्यावर शिक्कामोर्तब केलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मुंबईवर हल्ला झाला, १६६ लोक मेले, तेव्हा मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टनं मरीन लाईन्सच्या बडा कब्रस्तानात त्या नऊ हल्लेखोरांना मूठभर माती द्यायला नकार दिला, ती मढी जेजे हॉस्पिटलच्या शवागारात वर्षभराच्या वर पडून होती आणि शेवटी सरकारनं गुपचूप पुरली. आपल्यात मय्यतीला माती देणं केवढं मोठं कर्तव्य आहे हे ज्याला माहीत आहे त्याला कळेल तो नकार किती जड होता. २०१४ ला सव्वाशेच्या आसपास आलिमांनी आयसिसचा म्होरक्या बगदादीला खुलं पत्र लिहून त्याचा एकेक दावा शरियतनं खोडला. एवढं सगळं झालं. पण आमच्या गावात २०१९ पर्यंत यातलं एक अक्षर कोणाला माहीत नव्हतं! सगळं उर्दूत, अरबीत, दिल्लीत, मुंबईत. गावच्या कमिटीचं काम हेच आहे की ते उचलून जुम्म्याच्या बयानात आणायचं, सोप्या बोलीत.

इमामसाहेबांना नुसतं "दहशतवादावर बोला" म्हणू नका, ते घाबरतात, त्यांची नोकरी कमिटीच्या हातात, गाव परकं, काही बोललं आणि कोणी अर्धा व्हिडिओ काढून फिरवला तर? म्हणून सदर (कमिटीचे अध्यक्ष) आणि सेक्रेटरी दोघांनी आधी त्यांच्यासोबत बसायचं, मुद्दे ठरवायचे, आणि जमातीसमोर सदरनं उभं राहून सांगायचं की आजचं बयान कमिटीच्या सांगण्यावरून आहे. पूर्ण बयानाचं रेकॉर्डिंग आपणच करून ठेवायचं. तिथून पुढं त्यांची जीभ मोकळी होते.

मुद्दे कोणते? "इस्लाम अमनचा मजहब आहे" एवढं बोलून पोट्टे ऐकत नाहीत, ते लहानपणापासून ऐकलेलं आहे. त्यांना मोबाईलवर जे दाखवतात त्याचंच उत्तर द्या. त्यांना दाखवतात की कुरआनात लिहिलंय, जिथं सापडतील तिथं मारा. आणि गंमत नाही सांगत, मुसलमानांच्या विरोधातले लोकही तीच आयत दाखवतात. तर इमामसाहेबांनी कुरआन उघडून वाचावं. सूरह बकराची १९१ वी आयत वाचायच्या आधी १९० वी वाचावी, जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशी लढा, हद्द ओलांडू नका, अल्लाहला हद्द ओलांडणारे आवडत नाहीत. सूरह तौबाची पाचवी वाचली तर सहावी पण वाचावी, मुशरिकांपैकी, म्हणजे अल्लाहसोबत दुसऱ्यांना पुजणाऱ्यांपैकी, कोणी आसरा मागितला तर द्या आणि त्याला त्याच्या सुरक्षित जागी पोहोचवून द्या. आमच्या मशिदीत हे वाचलं तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या पोट्ट्यांनी मोबाईल काढून आयत तपासली. मला ते फार चांगलं वाटलं, तपासू द्या.

दुसरा किस्सा चौथे खलिफा हजरत अली यांचा, हा तर प्रत्येक गावात सांगितला पाहिजे. त्यांच्याच फौजेतून फुटून निघालेले खारिजी लोक घोषणा द्यायचे, हुकूम फक्त अल्लाहचा. ऐकायला किती बरोबर! हजरत अली म्हणाले, बात खरी आहे पण तिचा मतलब खोटा काढून राहिले. त्याच लोकांतल्या एकानं सन ४० हिजरीत, म्हणजे ६६१ मध्ये, इराकमधल्या कूफ्याच्या मशिदीत फजरच्या (पहाटेच्या नमाजच्या) वेळी त्यांच्यावर विषारी तलवार चालवली. मारणारा नमाजी होता, कुरआन वाचणारा होता. पोरांना हे सांगा की बाबू, समोरचा आयत बरोबर म्हणते म्हणून तो बरोबर असते असं नाही, त्याला त्या आयतीतून करवून काय घ्यायचं आहे ते पाहा. माझ्या पाहण्यात या एका किश्श्यानं जेवढा फरक पडतो तेवढा दहा भाषणांनी नाही पडत.

आणि तिसरं आपल्या शेतकऱ्याच्या कामाचं. पहिले खलिफा हजरत अबू बकर यांनी फौज पाठवताना हुकूम दिला होता की बाया, लेकरं, म्हातारे यांना मारू नका, आणि फळ देणारं झाड तोडू नका. आमच्याकडे संत्र्याचे बगीचे आहेत, सहा-सात वर्षं लेकरासारखं वाढवलेलं झाड कोळशीनं किंवा डिंक्यानं गेलं तर माणूस रडते. बयानात इमामसाहेब म्हणाले की ज्या दीनमध्ये लढाईत झाड तोडायला मनाई आहे तिथं माणूस तोडायची परवानगी कुठून आणली यांनी? पुरी मशीद चूप होती.

आता त्या पोट्ट्याचं काय करायचं ज्याच्यावर शंका येते. इथं दोन चुका होतात, एक म्हणजे काहीच करायचं नाही, "वय आहे, होईल ठीक," आणि दुसरी म्हणजे लगेच गावभर करायचं. आपल्या विदर्भातली गोष्ट आहे, पुसदला २५ सप्टेंबर २०१५ ला, बकरी ईदच्या दिवशी, मशिदीसमोर बंदोबस्तावर असलेल्या पोलिसांवर एका तरुणानं चाकू चालवला, तीन पोलीस जखमी झाले. केस अकोल्याच्या विशेष कोर्टात चालली, २०१९ मध्ये दहशतवादाच्या कलमातून सगळे सुटले आणि चाकू मारला त्याची शिक्षा त्याला झाली. म्हणजे हा कोणत्या टोळीचा माणूस आहे हे कोर्टात सिद्ध झालं नाही. पण मला विचाराल तर यातच आपल्यासाठी मोठी गोष्ट आहे. टोळी लागतच नाही. एक पोरगा, एक राग आणि एक चाकू एवढ्यात तीन घरं आणि स्वतःचं घर उद्ध्वस्त होते. तो राग कोणाला तरी आधी दिसला असेल ना? २०१४ ला कल्याणची चार पोरं जियारतच्या, म्हणजे पवित्र मजारींच्या दर्शनाच्या ग्रुपसोबत इराकला गेली आणि तिथून गायब झाली, शिकलेली पोरं होती.

दिसते कसं? मित्र तोडते, घरात आईला टोकते की हे हराम ते हराम, पोळ्याला शेजारच्याच्या बैलाला हात लावायचा नाही म्हणते, गावच्या इमामाला "सरकारी मौलवी" म्हणते, दुसरा फोन किंवा दुसरं सिम ठेवते, आणि मरण्याच्या गोष्टी करते. यातली एखादी गोष्ट असली म्हणून पोरगा बिघडला असं नाही हां, दाढी ठेवली आणि पाच वेळ नमाज सुरू केली हे तर अजिबात लक्षण नाही, ते चांगलंच आहे. तीन-चार गोष्टी एकदम आणि थोड्याच दिवसात बदलल्या तर बसायचं.

हे सगळ्यात आधी आईला कळते. म्हणून बायकांची बैठक वेगळी घ्या, आमच्याकडे दर महिन्याला एका घरी दुपारी होते, तिथं आलिमा (धर्माचं शिकलेली बाई) नाही मिळाली तर शिकलेली कोणी पोरगी चालते. आईला एकच गोष्ट सांगायची, तू सांगितलंस म्हणून पोराला कोणी पकडून नेणार नाही, आधी आपण बसू. आणि मग खरंच बसायचं. मी एकासोबत बसलो आहे, गाव नाही सांगत. दुकान बंद झाल्यावर मागच्या गोदामात, थैल्यांवर, तो आणि मी. पहिले तीन दिवस तो फक्त व्हिडिओ दाखवत होता, गाझाचे, लेकरांचे, आणि मी पाहत होतो, खोटं नव्हतं त्यातलं बरंचसं, माझ्याही डोळ्यात पाणी आलं. मी त्याला म्हटलं नाही की पाहू नको. चौथ्या दिवशी विचारलं की हे तुला पाठवते कोण, त्याचं नाव काय, गाव काय, त्याचा बाप कोण? त्याला माहीत नव्हतं. आठ महिने ज्याच्याशी रोज बोलत होता त्याचं खरं नाव त्याला माहीत नव्हतं. मी म्हटलं बाबू, तू माझ्याकडून तणनाशकाची बाटली घेतो तर कंपनी पाहतो, बॅच नंबर पाहतो, एक्सपायरी पाहतो. त्यानंतर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग इमामसाहेबांकडे नेलं, त्यांच्याशी तो तासनतास भांडला, भांडू दिलं. आता तो ट्रॅक्टर चालवतो.

पण एक रेघ पक्की ठेवा. शस्त्र, पैसे गोळा करणं, कुठं जायची तयारी, कोणाला मारायचं बोलणं, यातलं काहीही कानावर आलं तर तिथं आपली बैठक संपली. लगेच ठाणेदाराला सांगायचं, किंवा ११२ ला फोन. आपण समजावू म्हणून एक रात्रही थांबायचं नाही. सोबत पोराच्या घरच्यांना सांगायचं की पकडलेल्या माणसाला मोफत वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे, तालुका विधी सेवा समिती त्यासाठीच आहे, नंबर १५१००. दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या की समाजाचा भरोसा राहते, नाहीतर पुढच्या वेळी कोणतीच आई तुमच्याकडे येणार नाही. आणि पोरगा नुसता खचलेला, झोपत नसेल, मरायचं बोलत असेल तर १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्याचा नंबर आहे, मराठीत बोलतात. हे तीन नंबर आम्ही वजूखान्याच्या (नमाजच्या आधी हातपाय धुवायच्या जागेच्या) भिंतीवर पेंटरकडून लिहून घेतले.

पोलिसांशी ओळख काही झाल्यावर करायची नसते. आपल्याकडे ईद, गणपती, शारदा-दुर्गा आल्या की शांतता कमिटीची मीटिंग ठाण्यात होते, आपले लोक जातात, चहा पिऊन येतात. भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर १९८८ मध्ये तिथले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे साहेबांनी मोहल्ला कमिट्या काढल्या, दोन्ही समाजाचे लोक आणि हवालदार दर आठवड्या-पंधरवड्याला बसायचे, भांडण नळाचं का असेना. बाबरीनंतर ९२-९३ ला मुंबई जळाली तेव्हा बाजूची भिवंडी शांत राहिली. आम्ही तेच छोट्यात करतो, बीट जमादार, पोलीस पाटील, तंटामुक्तीचे अध्यक्ष आणि कमिटीचे दोघं, महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी. कागद लावायच्या आधी ठाणेदारांना फोन करतो, परवानगी म्हणून नाही, माहिती म्हणून. ग्रामपंचायतीसमोर उभं राहायचं असलं की मात्र लेखी देतो आणि पोच घेतो, कारण जमावबंदी लागलेली असू शकते.

आणि निषेधाचा मोर्चा मात्र काढू नका, माझं स्पष्ट मत आहे. १२ नोव्हेंबर २०२१ ला अमरावतीत त्रिपुरातल्या मशिदींवरच्या हल्ल्यांच्या बातम्यांवर मोर्चा निघाला, दगडफेक झाली, दुकानं फुटली, दुसऱ्या दिवशी समोरच्यांचा बंद, तिथंही तेच, मग कर्फ्यू, इंटरनेट बंद. सोयाबीन-कपाशीच्या हंगामात गाड्या अडकल्या. मोर्च्यात पाच हजारात पन्नास कोण घुसले हे कोणाच्या हातात नसते. दीडशे माणसं पाच मिनिटं चूप उभी राहिली तर ते हातात राहते.

बोलणाऱ्याला त्रास होतो, हेही सांगून ठेवतो. दोन्हीकडून होतो. मला एका अनोळखी नंबरवरून मेसेज आले, कौमचा गद्दार, आणि त्याच दिवशी दुसऱ्यानं लिहिलं की हे सगळं नाटक आहे तुमचं. उत्तर द्यायचं नाही, डिलीट पण करायचं नाही. स्क्रीनशॉट काढून ठेवायचा, जीव घ्यायची भाषा असेल तर ठाण्यात लेखी द्यायचं, पोच घ्यायची. फजरला एकटं जायचं नाही, दोघं जा. आणि कागदावर एका माणसाचं नाव कधीच टाकू नका, कमिटी म्हणूनच सही करा, म्हणजे कोणा एकाला टार्गेट करता येत नाही.

कागद पंधरा दिवसांनी आपणच जाऊन काढायचा. त्यावर मेलेल्यांची गोष्ट लिहिलेली आहे, तो पावसात फाटून लटकू नये, कोणी त्यावर खत-बियाण्याची जाहिरात चिकटवू नये. टपरीवरचा काढायला गेलो तर भाऊ म्हणाला, "राहू द्या ना भाई, अजून वाचतात लोकं." मग तो एक राहू दिला. बाकीचे तीन फाइलमध्ये आहेत, मशिदीच्या कपाटात, वरच्या खणात, कोणाला नमुना पाहिजे असेल तर येऊन फोटो काढून न्या.